पाटी कुणाशी बोलते?

कॅलिफोर्निया, टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा या राज्यांतल्या मोठ्या दुकानांत इंग्रजी पाटीखाली त्याच मजकुराची स्पॅनिश ओळ असते, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. रंगाचे डबे कोणत्या रांगेत आहेत, सवलत किती तारखेपर्यंत आहे, माल परत करायचा तर कुठे जायचे, एवढाच तो मजकूर. या ओळीविरुद्ध तक्रार करणारा ग्राहकही तितकाच जुना आहे, आणि त्याच्या तक्रारीत एक चमत्कारिक गोष्ट आहे. त्याला हवी असलेली सगळी माहिती वरच्या ओळीत, त्याच्याच भाषेत, बहुधा ठळक अक्षरांत छापलेली असते. खालच्या ओळीने त्याचा वेळ घेतलेला नसतो, पैसा घेतलेला नसतो, रस्ता अडवलेला नसतो. तरीही तो व्यवस्थापकाला गाठतो, कंपनीला पत्र लिहितो, यापुढे दुसऱ्या दुकानात जाईन असे बजावतो. दुसऱ्या बाजूला, ज्याच्यासाठी ती ओळ लिहिली तो ग्राहक ती पाहून हरखून जातो, असेही दिसत नाही. पुष्कळदा तो तिच्याकडे लक्षच देत नाही, आणि कधी कधी तिच्याकडे संशयाने पाहतो. एकाचा राग आणि दुसऱ्याचा संशय या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. मला त्यांचे मूळ एकच दिसते. दुकानातली पाटी वाचताना ग्राहक आधी एक गोष्ट पाहतो : ही कुणाला उद्देशून लिहिली आहे? काय लिहिले आहे, हे त्यानंतर.

राग भाषेचाच असता, तर तो सगळ्याच स्पॅनिश अक्षरांवर निघाला असता. टॉर्टिया चिप्सच्या पिशवीवर स्पॅनिश असते, मेक्सिकन बीअरच्या बाटलीवर असते. मे महिन्याच्या पाच तारखेला ‘सिंको दे मायो’च्या निमित्ताने दारूच्या दुकानांत रंगीबेरंगी स्पॅनिश फलक लागतात आणि तिथे गर्दी करणाऱ्यांत इंग्रजीभाषक गोरे ग्राहक भरपूर असतात. १९९७ साली ‘टाको बेल’ या उपाहारगृहांच्या साखळीने आपल्या जाहिरातीत चिवावा जातीच्या एका कुत्र्याच्या तोंडी स्पॅनिश वाक्य घातले. ते वाक्य देशभरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या पोराटोरांच्या तोंडी बसले आणि त्या कुत्र्याची बोलकी खेळणीही धडाक्याने खपली. जेन हिल या भाषा-मानवशास्त्रज्ञ बाईंनी अशा वापराला ‘मॉक स्पॅनिश’ असे नाव दिले. इंग्रजीभाषक अमेरिकन माणूस गमतीजमतीत स्पॅनिश शब्दांची मोडतोड करून ते खुशाल वापरतो, स्पॅनिशभाषकाच्या इंग्रजीतल्या चुकांकडे मात्र नाक मुरडून पाहतो, ही विसंगती त्यांनी बारकाईने दाखवली. चिप्सच्या पिशवीवरची स्पॅनिश ही सजावट असते. ती इंग्रजीभाषकाला चवीची, सुट्टीची, परदेशाची हूल देते, म्हणजे बोलते त्याच्याशीच. रंगाच्या डब्यांवरची पाटी मात्र त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असते. टोचते ते हे.

रिचर्ड बुऱ्हीस आणि रोड्रिग लँड्री या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९९७मध्ये सार्वजनिक पाट्यांच्या भाषेविषयी जो निबंध लिहिला, त्यात पाटीची दोन कामे सांगितली आहेत. पहिले काम माहिती देण्याचे. दुसरे सूचक : या जागेत कोणत्या समाजाचे किती चालते, हे पाटी न बोलता सांगून जाते. क्विबेकमध्ये हा नुसता सिद्धान्त राहिला नाही. तिथल्या १९९३च्या कायद्याने दुकानाच्या पाटीवर इतर भाषांना मुभा दिली, पण फ्रेंच अक्षरे ठळकपणे वरचढ दिसली पाहिजेत अशी अट घातली. महाराष्ट्रातल्या दुकान-आस्थापना कायद्यात २०२२मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यातही मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे आहे. माहितीच द्यायची असती तर अक्षरांच्या मापाची उठाठेव कुणी केली नसती. अर्थात ही तुलना फार ताणू नये. मुंबईत आणि माँट्रियलमध्ये सरकारने स्थानिक भाषा दुकानदाराला लावायला लावली. अमेरिकेतल्या दुकानांत स्पॅनिश पाटी लावा असा कायदा नाही. गल्ल्यावरचा हिशोब पाहून दुकानदाराने ती आपण होऊन लावलेली आहे.

आणि हिशोब छोटा नाही. २०२०च्या जनगणनेत स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवणाऱ्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण १८.७ टक्के होते, आणि कॅलिफोर्निया व टेक्सासमध्ये ३९ टक्क्यांच्या पुढे. घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून जास्त आहेत. ‘लॅटिनो डोनर कोलॅबोरेटिव्ह’ ही संस्था दरवर्षी या समाजाच्या आर्थिक उलाढालीचा अंदाज मांडते. तिच्या मते २०२२ साली ती साडेतीन लाख कोटी डॉलरच्या पुढे होती. या भाषेला ‘बाहेरून आलेली’ म्हणणाऱ्यांनी नकाशाही पाहायला हवा. फ्लोरिडातले सेंट ऑगस्टीन स्पॅनिशांनी १५६५ साली वसवले. इंग्रजांचे जेम्सटाउन त्यानंतर ४२ वर्षांनी उभे राहिले. १८४८च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेकडे आला, आणि १८४९च्या कॅलिफोर्नियाच्या पहिल्या राज्यघटनेत सर्व कायदे इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत असे कलम होते. १८७९च्या नव्या घटनेने ते काढून टाकले.

पाट्यांवरच्या रागात बराचसा भाग गैरसमजाचाही आहे, विशेषतः वेष्टनांच्या बाबतीत. खोक्यावर इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश अशा तीन भाषा दिसल्या की तक्रार करणाऱ्याला वाटते, कंपनी स्थलांतरितांपुढे वाकली. कारण पुष्कळदा कारखान्यातल्या काटकसरीचे असते. कॅनडात वेष्टनावर इंग्रजी व फ्रेंच दोन्ही सक्तीच्या आहेत आणि मेक्सिकोत स्पॅनिश हवी. १९९४मध्ये तिन्ही देशांचा मुक्त व्यापार करार अमलात आल्यावर एकच खोके छापून तिन्ही बाजारांत पाठवणे स्वस्त पडू लागले. त्या खोक्यावरची फ्रेंच ओळ टेक्सासमध्ये कुणालाही खुपत नाही, ही गोष्ट बोलकी आहे. फ्रेंच वाचणारा ग्राहक शेजारच्या रांगेत उभा नसतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. राग अविवेकी असेल, पण तो खरा आहे, आणि दुकानदाराला ग्राहकाच्या विवेकाशी नाही, पाकिटाशी देणेघेणे असते. एका भाषेची ओळ वाढवून दुसऱ्या भाषेचे दहा ग्राहक गमावले तर काय? याला उत्तर देताना राग नाहीच असे म्हणण्यात अर्थ नाही. हार्वर्डमधले राज्यशास्त्रज्ञ रायन इनोस यांनी बोस्टनच्या उपनगरांतल्या, बहुतांश गोऱ्या प्रवाशांच्या रेल्वे स्थानकांवर एक प्रयोग केला. तो २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. स्पॅनिश बोलणाऱ्या दोन-दोन मेक्सिकन माणसांना रोज ठरावीक गाडीच्या वेळी फलाटावर उभे केले गेले. त्यांनी दुसरे काहीच करायचे नव्हते. तीन दिवसांनी त्या गाडीच्या प्रवाशांची स्थलांतरितांविषयीची मते अधिक कडक झालेली आढळली. दहा दिवसांनी मात्र हा परिणाम ओसरू लागला होता. म्हणजे नुसते ऐकू येणे, दिसणे याने माणूस अस्वस्थ होतो हे खरे, आणि सवयीने ती अस्वस्थता थोडी मावळते हेही खरे. पण एवढ्यावर समाधान मानता येत नाही. डॅनियल हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिखित स्पॅनिश मजकूर दाखवून जो प्रयोग केला, त्यात रोजच्या जगण्यात स्पॅनिश वारंवार कानी पडणाऱ्यांचीच मते तो मजकूर पाहून अधिक कडवी झालेली दिसली. सवयीने सगळे निवळत असते तर असे घडायला नको होते.

या दोन निष्कर्षांची सांगड हॉपकिन्स यांच्याच २०१०च्या अभ्यासात सापडते. एखाद्या गावात स्थलांतरितांची संख्या एकदम वाढली आणि त्याच वेळी देशाच्या राजकारणात स्थलांतराचा प्रश्न तापलेला असला, तरच स्थानिकांचा विरोध उसळतो. देशपातळीवर शांतता असेल तर तोच बदल फारशी खळबळ न होता पचतो. हे दुकानांना लावून पाहिले तर पाटीवरच्या रागाचे वेळापत्रक पाटी ठरवत नाही, बातम्या ठरवतात असे म्हणावे लागेल. २००६ हे वर्ष आठवावे. स्थलांतर कायद्यावरून लाखो लोक रस्त्यावर उतरले होते, अमेरिकेचे राष्ट्रगीत स्पॅनिशमध्ये गायले गेल्याने वादंग माजला होता. त्याच सुमारास फिलाडेल्फियातल्या ‘जीनोज स्टेक्स’ या सँडविचच्या प्रसिद्ध दुकानातली, मागणी इंग्रजीतच सांगा असे बजावणारी पाटी देशभर गाजली. शहराच्या मानवी हक्क आयोगाने २००८मध्ये दोन विरुद्ध एक अशा मतांनी ती भेदभाव करणारी नसल्याचा निर्णय दिला, आणि २०१६मध्ये ती दुकानातून निघाली. त्या पाटीतली माहिती शून्य होती, कारण इंग्रजी न येणाऱ्याला ती वाचता येणार नव्हती. ती लिहिली होती इंग्रजी वाचणाऱ्यांसाठीच.

पाकिटाचा प्रश्न उरतोच. इथे मला डॅलसच्या ‘पिझ्झा पॅट्रॉन’ या साखळीचे उदाहरण बोधक वाटते. तिची दुकाने मुख्यतः लॅटिनो वस्त्यांत. २००७च्या जानेवारीत तिने मेक्सिकोहून परतलेल्या ग्राहकांकडून मेक्सिकन पेसो घ्यायला सुरुवात केली. सुटे पैसे डॉलरमध्येच परत दिले जात. देशभरातून संतापाची पत्रे आली, धमक्याही आल्या. साखळी मागे हटली नाही. उलट २०१२मध्ये एका संध्याकाळी स्पॅनिशमध्ये मागणी सांगणाऱ्याला तिने पिझ्झा फुकट दिला. संतापलेल्यांपैकी बहुतेकांची घरे तिच्या दुकानांच्या आसपासही नसावीत, हा माझा तर्क. पण तो फार धाडसाचा नाही. रागाचा आवाज मोजताना तो कुठून येतो हे पाहायला हवे. प्यू संशोधन केंद्राच्या २०१९च्या पाहणीत सार्वजनिक ठिकाणी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा ऐकली तर आपल्याला फारसा किंवा मुळीच त्रास होणार नाही असे दहापैकी सात अमेरिकनांनी सांगितले. रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्या गोऱ्यांत त्रास होईल म्हणणारे ४७ टक्के निघाले, डेमोक्रॅट गोऱ्यांत १८ टक्के. हे अंतर दुकानात तयार झालेले नाही.

आता दुसऱ्या वाचकाकडे वळू. माझ्या मते दुकानदारांनी चिंता करायची ती याच्या प्रतिक्रियेची. स्पॅनिशभाषक ग्राहक स्पॅनिश जाहिरात पाहून आपोआप खूश होतो, हे गृहीतक १९९४ सालीच डळमळले. स्कॉट कॉस्लो, प्रेम शामदासानी आणि एलेन टचस्टोन यांनी हिस्पॅनिक ग्राहकांना कमी-अधिक प्रमाणात स्पॅनिश असलेल्या छापील जाहिराती दाखवल्या. जाहिरातीत स्पॅनिश असली की कंपनीला आपल्या संस्कृतीची कदर आहे असे वाटायचे, आणि त्या भावनेतून जाहिरातही आवडायची. पण जाहिरात संपूर्ण स्पॅनिश झाली की पसंती घटायची. अभ्यासकांनी याचे कारण भाषेशी जोडलेल्या न्यूनगंडात शोधले. ज्या समाजात इंग्रजी ही शिक्षणाची आणि बढतीची भाषा आहे, तिथे निव्वळ स्पॅनिश जाहिरात ग्राहकाला जणू सांगते की तुला इंग्रजी येत नाही असे आम्ही धरून चाललो आहोत. मान आणि अपमान यांच्यातले अंतर किती थोडे असते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही.

पुढच्या अभ्यासांनी हे चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. डेव्हिड लुना आणि लॉरा पेराकिओ यांनी २००५मध्ये दोन भाषांची सरमिसळ करणाऱ्या घोषणा तपासल्या. स्पॅनिशमध्ये सुरू होऊन इंग्रजीकडे वळणारी घोषणा द्वैभाषिक वाचकाला अधिक पटायची, इंग्रजीत सुरू होऊन स्पॅनिशकडे वळणारी कमी. वाक्य ज्या भाषेकडे वळते ती भाषा डोळ्यांत भरते, आणि तिच्याशी समाजाने जोडलेली प्रतिष्ठा किंवा हेटाळणीही बरोबर येते, असे त्यांचे स्पष्टीकरण. याउलट स्तेफानो पुन्तोनी आणि सहकाऱ्यांना २००९मध्ये असे आढळले की जाहिरातीचे वाक्य मातृभाषेत असेल तर मनाला अधिक भिडते, कारण आठवणी त्या भाषेत साठलेल्या असतात. म्हणजे तीच भाषा मायेची आणि तीच कमीपणाची. कोणती बाजू वर येईल, ते वाचणारा कोण आहे आणि कुठे उभा आहे यावर ठरते. सगळ्या हिस्पॅनिकांना एका गठ्ठ्यात टाकणाऱ्या जाहिरातदाराची इथे फसगत होते. प्यू केंद्राच्या २०२३च्या अहवालानुसार लॅटिनो प्रौढांपैकी २४ टक्क्यांना स्पॅनिशमध्ये जेमतेम संभाषण करता येते किंवा अजिबात येत नाही. ज्यांना स्पॅनिश बोलता येत नाही त्यांच्यापैकी ५४ टक्क्यांनी सांगितले की इतर लॅटिनोंनीच आपल्याला त्याबद्दल ओशाळवाणे केले आहे. अशा माणसाला आडनाव पाहून स्पॅनिश पत्रक हाती दिले तर त्याला काय वाटेल? एका बाजूने परका ठरवल्याचा राग, दुसऱ्या बाजूने आपली भाषा हरवल्याची खंत, आणि सवलतीचा मजकूर न वाचलेलाच.

म्हणूनच पाटी कोणत्या दुकानात लागली आहे याला महत्त्व आहे. ह्यूस्टनचे ‘फिएस्टा मार्ट’, दक्षिण कॅलिफोर्नियातले ‘नॉर्थगेट गोन्सालेस’, मायामीकडचे ‘सेदानोज’ ही दुकाने लॅटिनो गिऱ्हाइकावरच वाढली. तिथे गल्ल्यावर बसणारी बाई, मांस कापणारा कसाई, पाव भाजणारा, सगळे स्पॅनिश बोलतात. तिथल्या फलकाकडे कुणी ‘स्पॅनिश जाहिरात’ म्हणून पाहत नाही, तो फक्त कांद्याचा भाव असतो. मोठ्या साखळ्यांनी हा माहोल उचलायचा प्रयत्न केला. वॉलमार्टने २००९मध्ये ह्यूस्टन आणि फिनिक्स इथे ‘सुपरमेर्कादो दे वॉलमार्ट’ नावाची दुकाने उघडली, पण तो नमुना देशभर पसरला नाही. होम डेपोने २००८च्या अखेरीस काढलेले स्पॅनिश संकेतस्थळ काही महिन्यांतच पुरेशा वापराअभावी बंद केले, आणि स्पॅनिशविरोधी गटांनी तो आपला विजय मानला. मला त्यात वेगळेच दिसते. बांधकामावर राबणाऱ्या मेक्सिकन मिस्त्रीला रांग दाखवणारी पाटी आणि स्पॅनिश जाणणारा नोकर, हे त्याला दुकानात मिळतच होते. संकेतस्थळ ही त्याची गरज आहे, हा कार्यालयात बसून केलेला अंदाज होता.

स्पॅनिशचा आणखी एक वापर असा, की त्यापेक्षा पाटी नसलेली बरी. दुकानभर सगळे इंग्रजीत आणि स्पॅनिश फक्त दोन-तीन जागी : चोरी केल्यास पोलिसांत देऊ, इथे कामासाठी घुटमळू नये, हात धुतल्याशिवाय कामावर परतू नये. माहिती म्हणून यातले एकही वाक्य खोटे नाही. पण ताज्या फळांच्या सवलतीची पाटी इंग्रजीत आणि चोरीचा इशारा दोन भाषांत, असे पाहणारा ग्राहक आपल्याला या दुकानाने कोणत्या रकान्यात घातले आहे ते क्षणात ओळखतो. यावर तो सहसा तक्रार करत नाही. दुसरीकडे जातो, आणि कंपनीच्या तक्रारवहीत त्याची नोंद राहत नाही. तक्रारी मोजून धोरण ठरवणाऱ्यांना म्हणूनच एकाच बाजूचा राग ऐकू येतो.

मग एक जुना आक्षेप पुढे येतो : सगळीकडे स्पॅनिश पाट्या लावल्या तर माणसे इंग्रजी कशाला शिकतील? १९८३मध्ये माजी सिनेटर हायाकावा आणि जॉन टँटन यांनी ‘यू. एस. इंग्लिश’ ही संघटना याच चिंतेतून उभी केली. १९८६मध्ये कॅलिफोर्नियाने मतदानाने इंग्रजीला राजभाषा केले, अशा राज्यांची संख्या आज सुमारे तीस आहे, आणि १ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने ती देशाचीही राजभाषा झाली. खासगी दुकानाच्या पाटीला यातले काहीही लागू होत नाही. पण चिंतेचे उत्तर कायद्यात शोधायची गरजही नाही, ते वर दिलेल्या २४ टक्क्यांत आहे. पिढीगणिक ओहोटी लागली आहे ती स्पॅनिशलाच. अमेरिकेत जन्मलेल्या आईबापांची लॅटिनो मुले इंग्रजीत वाढतात, आणि नोकरी, शाळा, दूरदर्शन यांच्यापुढे रंगाच्या डब्यांवरच्या पाटीचे बळ ते काय? आक्षेपाचा दुसरा भाग अधिक वजनदार आहे : स्पॅनिशच का, व्हिएतनामी किंवा चिनी का नाही? न्यायाच्या दृष्टीने याला उत्तर नाही हे कबूल केले पाहिजे. दुकानदार न्याय करत नाही, गिऱ्हाईक मोजतो, आणि जिथे व्हिएतनामी गिऱ्हाईक पुरेसे आहे त्या वस्त्यांत व्हिएतनामी पाट्याही आहेत.

पण पाटी कुणाशी बोलते हा प्रश्न अखेर शिष्टाचारापुरता राहत नाही. स्पॅनिशमध्ये बोलावणे केले आणि व्यवहाराच्या अटी इंग्रजीत ठेवल्या, तर बोलावणे हेच आमिष होते. कॅलिफोर्नियाने १९७४ सालीच हे ओळखून कायदा केला : कर्जासारख्या ठरावीक व्यवहारांची बोलणी स्पॅनिशमध्ये झाली असतील, तर सही करण्यापूर्वी कराराचे स्पॅनिश भाषांतर ग्राहकाच्या हाती दिले पाहिजे. २००३च्या दुरुस्तीने त्यात चिनी, टॅगालोग, व्हिएतनामी आणि कोरियन आल्या. जुन्या मोटारीचा सौदा स्पॅनिशमध्ये झाला, तर काचेवर लावायची माहितीपट्टीही स्पॅनिशमध्ये हवी, असा संघराज्याचा नियम आहे. औषधांच्या बाबतीत मात्र कायदा असा वागला नाही. १९८६मध्ये कॅलिफोर्नियात एका तान्ह्या बाळाला सर्दीसाठी लहान मुलांची ॲस्पिरिन दिली गेली आणि त्याला राय सिंड्रोम हा जीवघेणा आजार होऊन कायमचे गंभीर अपंगत्व आले. या आजाराचा इशारा वेष्टनावर होता, पण इंग्रजीत. आईला फक्त स्पॅनिश वाचता येत होती. कंपनी हेच औषध स्पॅनिश माध्यमांतून स्पॅनिशमध्ये जाहिरात करून विकत होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्ये निकाल दिला की स्पॅनिश इशारा छापण्याचे बंधन कंपनीवर नव्हते, आणि इशारा कोणकोणत्या भाषांत हवा हे ठरवणे विधिमंडळाचे व औषध प्रशासनाचे काम आहे. न्यायालयाची अडचण समजते, कारण एका भाषेचा आग्रह धरला की ‘दुसरी का नाही’ हा वरचाच प्रश्न उभा राहतो. पण कंपनीने स्वतः कोणती भाषा निवडली होती, हे त्या प्रकरणात स्पष्ट होते.

औषधांच्या दुकानांतही हाच क्रम दिसतो : आधी गिऱ्हाईक, भाषेची जबाबदारी मागून. सीव्हीएस, राइट एड या साखळ्यांची दुकाने न्यूयॉर्कच्या स्थलांतरित वस्त्यांत कधीची होती. तिथे गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची हे स्पॅनिशमध्ये लिहून द्यायला त्या बांधल्या गेल्या त्या २००८मध्ये, राज्याच्या महाधिवक्त्याच्या कार्यालयाशी झालेल्या तडजोडीने. पुढच्या वर्षी वॉलमार्ट, टार्गेट आणि इतर काही साखळ्यांवर तशीच वेळ आली, आणि २०१२मध्ये न्यूयॉर्क राज्याने मोठ्या औषध साखळ्यांसाठी तसा कायदाच केला. हा नियम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांपुरता आहे. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, म्हणजे मांडणीवरून ग्राहक स्वतः उचलतो त्या औषधाच्या वेष्टनावर अमेरिकेत आजही फक्त इंग्रजीच सक्तीची आहे, मग त्या मांडणीवरचा सवलतीचा फलक कोणत्याही भाषेत असो.